आज्ञावलीच्या पोटातले टिपण

आमच्या शाळेत घटक चाचण्यांचे निकाल लावण्यासाठी एक छोटी आज्ञावली वापरतात. गणिताच्या एका सरांनी निवृत्त होण्यापूर्वी ती ‘पायथन’ या संगणकभाषेत लिहून ठेवली. दोन चाचण्यांच्या गुणांची सरासरी काढायची, ती पूर्णांकात आणायची आणि ३५ किंवा त्याहून अधिक असेल तर विद्यार्थी उत्तीर्ण, एवढेच तिचे काम. सर शिस्तीचे. आज्ञावलीतल्या प्रत्येक भागाच्या आरंभी तो भाग काय करतो हे त्यांनी दोन-दोन ओळींत, रोमन लिपीतल्या मराठीत, लिहून ठेवले आहे. पायथनबरोबरच ‘पायडॉक’ नावाचे एक साधन मिळते. ते फाइल उघडते, असली टिपणे तेवढी वेचून बाहेर काढते आणि त्यांचे सुबक पान तयार करते. तसे पान काढून, त्याचे देवनागरीत लिप्यंतर करून, शाळेने ते सूचनाफलकावर लावले होते. त्यात एक वाक्य असे होते: सरासरीत अर्धा किंवा त्याहून मोठा अपूर्णांक आला तर पुढचा पूर्णांक धरला जातो.

नववीतल्या एका मुलीला दोन चाचण्यांत ३३ आणि ३६ गुण मिळाले. सरासरी ३४.५. फलकावरच्या कागदाप्रमाणे ३५ व्हायला हवे होते. निकालपत्रकात आले ३४, आणि पुढे ‘अनुत्तीर्ण’. मुलगी चुणचुणीत होती. ती आमच्याकडे आली आणि म्हणाली, “सर, तुमच्याच कागदावर तर अर्ध्याचा एक होतो असं लिहिलंय.”

आम्ही फाइल उघडून पाहिली. टिपण जागच्या जागी होते. त्याच्या खालची सरासरीची आज्ञाही सरांनी लिहिली होती तशीच होती, त्यात कोणी एका अक्षराचा बदल केलेला नव्हता. शिक्षकांच्या खोलीत तेव्हा जी चर्चा झाली ती मात्र लक्षात राहिली. निम्मे म्हणत होते, छापील कागद आहे म्हणजे तोच बरोबर. निम्मे म्हणत होते, यंत्र कधी चुकत नाही. कागदाचा आणि यंत्राचा एकमेकांशी नेमका संबंध काय, हा प्रश्न कोणी विचारला नाही. खरे सांगायचे तर आम्हीही तो नंतरच विचारला, आणि त्यातूनच हा लेख आला.

आज्ञावलीची फाइल दोन वाचकांसाठी असते. एक वाचक यंत्र आणि दुसरा माणूस. यंत्रासाठी आज्ञा, माणसासाठी टिपणे. विशिष्ट चिन्हांनी वेगळी केलेली टिपणे यंत्र ओलांडून पुढे जाते. मग प्रश्न येतो की माणसासाठी लिहायचे ते त्याच फाइलमध्ये का कोंबायचे? वेगळी पुस्तिका का नको? याचे उत्तर शिक्षकांना आमच्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. टाचणवहीचेच बघा. टाचण पाठाच्या आधी लिहायचे असते. प्रत्यक्षात पुष्कळदा ते आठवड्याच्या शेवटी, गेल्या वर्षीच्या वहीवरून उतरते. वर्गात काय झाले आणि वहीत काय आहे यांचा संबंध हळूहळू सुटत जातो. आज्ञावलीच्या पुस्तिकेचेही तसेच होते. आज्ञा बदलणाऱ्याचा हात फाइलमध्ये असतो आणि पुस्तिका कपाटात असते. म्हणून टिपण आज्ञेच्या शेजारीच ठेवावे, म्हणजे आज्ञा बदलताना ते डोळ्यांसमोर राहील. वाचकाला हवे तेव्हा यंत्राने ते वेचून द्यावे. कल्पना साधी आणि चांगली आहे. तिची गेल्या चाळीसेक वर्षांतली काही रूपे आम्ही इथे तपासणार आहोत.

आधी हे वेचण्याचे काम कसे चालते ते पाहू. ते दिसते तितके सोपे नाही. जावा, सी अशा भाषांत तिरपी रेघ आणि लगेच फुली आली की टिपण सुरू होते, आणि फुली व तिरपी रेघ अशी उलट जोडी आली की ते संपते. वेचणारा प्रोग्राम अक्षरे एकामागून एक वाचत जातो आणि आपण सध्या टिपणात आहोत की आज्ञांत, एवढेच लक्षात ठेवतो. आठवी-नववीचा विद्यार्थी असा प्रोग्राम एका तासात लिहील, आणि पहिल्याच खऱ्या फाइलवर तो फसेल. कारण आज्ञांमध्ये अवतरणात ठेवलेला मजकूरही असतो आणि त्या मजकुरात हीच चिन्हे येऊ शकतात. ‘टिपण सुरू करायला ही चिन्हे वापरा’ असे वाक्य पडद्यावर छापणारी आज्ञा असेल, तर आपला प्रोग्राम त्या वाक्यापासून पुढे सगळे टिपणच समजत जाईल. म्हणजे ‘अवतरणात आहोत’ ही तिसरी अवस्थाही लक्षात ठेवावी लागते. शिवाय अवतरणाच्या आत अवतरणचिन्ह आले तर काय, हेही आलेच. वेचणाऱ्याला मूळ भाषेचे व्याकरण थोडे तरी यावेच लागते. ही गोष्ट पुढे पुन्हा उपयोगी पडणार आहे.

या विचाराला सर्वांत मोठे रूप दिले ते डोनाल्ड कनुथ यांनी. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातले हे गणिती-संगणकशास्त्रज्ञ. आपल्या ग्रंथांची छपाई मनासारखी होईना म्हणून १९७७ साली त्यांनी अक्षरजुळणीची एक प्रणाली लिहायला घेतली. ती ‘टेक’. गणिताचे शोधनिबंध आजही मोठ्या प्रमाणावर तिच्यावरच जुळवले जातात. हे काम करताना त्यांनी ‘वेब’ नावाची पद्धत तयार केली आणि १९८४ साली ‘द कॉम्प्युटर जर्नल’मधल्या लेखात ती मांडली. आज आपण ज्याला वेब म्हणतो ते जागतिक जाळे तेव्हा जन्मलेलेही नव्हते. संगणकवाल्यांनी तोवर न वापरलेला तीन अक्षरांचा इंग्रजी शब्द म्हणून कनुथ यांनी हे नाव घेतले होते.

कनुथ यांचे म्हणणे थोडक्यात असे: आज्ञावली म्हणजे यंत्राला दिलेला हुकूमनामा आहे असे समजू नये. यंत्राने काय करावे असे आपल्याला वाटते ते माणसाला समजावून सांगणारा निबंध म्हणून ती लिहावी. त्यामुळे त्यांच्या पद्धतीत लेखक एकच फाइल लिहितो आणि तीत गद्य आणि आज्ञा शेजारी शेजारी, लहान लहान परिच्छेदांत असतात. मग दोन साधने ती फाइल वाचतात. ‘वीव्ह’, म्हणजे विणणे, हे साधन तिच्यातून छापायला योग्य असे पुस्तक तयार करते. ‘टँगल’, म्हणजे गुंता करणे, हे साधन तिच्यातून आज्ञा वेचते, यंत्राला लागतात त्या क्रमाने लावते आणि पास्कल भाषेतला प्रोग्राम बाहेर काढते. तो गुंताच असतो. टिपणे गळालेली, ओळी एकमेकींना चिकटलेल्या, माणसाने वाचायचा विचारही करू नये असा. कनुथ यांनी तो मुद्दामच तसा ठेवला होता, म्हणजे कोणी त्यातच दुरुस्त्या करत बसणार नाही आणि मूळ फाइलकडेच वळेल.

खरी मौज क्रमाची आहे. पास्कलमध्ये आधी सर्व स्थिरांक, मग प्रकार, मग चले, मग कार्यपद्धती असा कडक क्रम पाळावा लागे. स्वयंपाक शिकवताना आधी तासभर डबे आणि मापे सांगायची आणि मग चूल पेटवायची, तसा हा प्रकार. कनुथ यांच्या पद्धतीत लेखक लिहितो, ‘इथे नापास विषय मोज’, आणि पुढे जातो. ते मोजायचे कसे हे चार पानांनंतर, वाचकाच्या मनात तो प्रश्न आला की सांगतो. तुकडे जागच्या जागी बसवण्याचे काम टँगलचे. शिक्षकाला याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. पाठ्यपुस्तकाचा क्रम आणि शिकवण्याचा क्रम एक नसतो, हे तो रोज पाहतो.

या पद्धतीने लिहिलेली टेकची संपूर्ण आज्ञावली १९८६ साली पुस्तकरूपाने निघाली. सुमारे सहाशे पाने, तेराशेहून अधिक क्रमांकित परिच्छेद. उजव्या पानाच्या तळाशी त्या दोन पानांवर वापरलेल्या नावांची छोटी सूची असते, म्हणजे एखादे नाव मुळात कुठे ठरवले आहे ते पाने न उलटता कळते. इतके मोठे, खरोखर वापरात असलेले यंत्र असे उघडून दाखवणारे दुसरे पुस्तक आमच्या पाहण्यात नाही. चूक दाखवून देणाऱ्याला कनुथ धनादेश पाठवत. त्याची रक्कम टेकच्या बाबतीत वाढत वाढत ३२७ डॉलर ६८ सेंटवर स्थिरावली. दोनच्या पंधराव्या घाताइतके सेंट! आपल्या हातून झालेल्या चुकांची यादीही त्यांनी १९८९ साली प्रसिद्ध केली. प्रयोगवहीत फसलेले प्रयोग न लिहिणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना ही गोष्ट अवश्य सांगावी.

आता दोष. हे पुस्तक वाचनीय आहे ते पद्धतीमुळे की कनुथ यांच्या लेखणीमुळे? आमच्या मते निम्म्याहून अधिक श्रेय लेखणीचे. आज्ञावली लिहिणारा प्रत्येक जण निबंधकार नसतो, आणि असावा अशी सक्तीही करता येत नाही. दुसरे असे की क्रमाची जी अडचण या पद्धतीने सोडवली ती मुख्यतः पास्कलची होती. पुढच्या भाषांनी क्रमाची सक्ती सैल केली आणि टँगलचे अर्धे कारण गेले. खुद्द टेक आज बहुतेक ठिकाणी चालते ते मूळ फाइलचे सी भाषेत यांत्रिक रूपांतर करून. पद्धतीचे अनुयायी झाले, पण त्यांचा संप्रदाय लहानच राहिला.

त्याच १९८६ साली या पद्धतीवर एक टीका प्रसिद्ध झाली. समीक्षेचा नमुना म्हणून ती आजही वाचण्यासारखी आहे. ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या मासिकात जॉन बेंटली सदर लिहीत. त्यांनी कनुथ यांना एक काम दिले: एखाद्या मजकुरात सर्वाधिक वेळा येणारे शब्द, किती वेळा आले त्या संख्येसह, छापणारी आज्ञावली तुमच्या पद्धतीने लिहून दाखवा. कनुथ यांनी ती लिहिली. छापील दहा पानांच्या आसपास, शब्द साठवण्याच्या एका नव्या, चतुर रचनेसह. तिचे परीक्षण करायला बेंटलींनी बोलावले ते बेल प्रयोगशाळेतल्या डग्लस मॅकिलरॉय यांना. युनिक्स प्रणालीत एका साधनाचे उत्पन्न दुसऱ्याच्या तोंडी देण्याची जी ‘पाइप’ची सोय आहे, ती यांच्याच कल्पनेतली.

मॅकिलरॉय यांनी लेखनाची मनापासून तारीफ केली आणि मग तेच काम सहा ओळींत करून दाखवले. अक्षरे नसलेले सगळे काढून एका ओळीवर एक शब्द ठेवायचा. मोठी अक्षरे लहान करायची. अक्षरक्रमाने लावायचे. सारखे शेजारी आलेले मोजायचे. संख्येच्या उतरत्या क्रमाने लावायचे. वरचे हवे तेवढे ठेवून बाकीचे टाकायचे. प्रत्येक पायरीला युनिक्सवर तयार साधन होतेच. त्यांचा मुद्दा असा की कनुथ यांची कृती म्हणजे संग्रहालयात ठेवण्याजोगा दागिना आहे, पण रोजच्या कामासाठी तयार भाग जोडणे शहाणपणाचे.

ही गोष्ट बहुधा ‘दहा पाने विरुद्ध सहा ओळी’ अशी सांगितली जाते आणि ऐकणारा हसतो. आम्हाला हा निवाडा अपुरा वाटतो. कनुथ यांना सांगितले होते ते पद्धत दाखवायला. लहानात लहान उत्तर द्या, असे कोणी म्हटले नव्हते. आणि मॅकिलरॉय यांच्या त्या सहा ओळी? त्यांना स्वतःलाच त्यांच्याखाली, वाचकासाठी, प्रत्येक ओळीचे एक अशी सहा टिपणे जोडावी लागली. आज्ञा आखूड झाली म्हणून टिपणाची गरज संपत नाही, हे विरोधकानेच सिद्ध करून दिले. तरी त्यांची मुख्य गोष्ट खरी आहे: चांगल्या टिपणाने वाईट रचना चांगली होत नाही. शंभर ओळींच्या गुंत्यावर दहा पाने सुरेख गद्य लिहिण्यापेक्षा गुंता सोडवावा.

कनुथ यांच्या टोकाच्या मार्गावरून लोक वळले ते साध्या मार्गाकडे. लॅरी वॉल हे पर्ल भाषेचे जनक. त्यांचे शिक्षण भाषाशास्त्राचे. १९९४ साली आलेल्या पर्लच्या पाचव्या आवृत्तीत त्यांनी ‘पॉड’ ही पद्धत आणली. नावाचाच अर्थ ‘साधे, जुने दस्तऐवज’ असा काहीसा. ओळीच्या आरंभी बरोबरीचे चिन्ह आणि त्यापुढे एखादा ठरावीक शब्द आला की तिथून टिपण सुरू. आज्ञा चालवणारे यंत्र ते सगळे ओलांडते, आणि ‘कट’ असे लिहिलेली तशीच ओळ आली की पुन्हा जागे होते. वेचणारी साधने तेवढाच भाग उचलून त्याची पुस्तिका, साधा मजकूर किंवा संगणकावर वाचायचे पान करतात. चिन्ह ओळीच्या आरंभीच हवे, या एका अटीने मघाची अवतरणाची डोकेदुखी बरीच कमी झाली. सामान्य माणसाला पाच मिनिटांत शिकता येते, हा या पद्धतीचा मोठा गुण. आमचे मत विचाराल तर सोयीच्या दृष्टीने आजवरची सर्वांत समंजस पद्धत हीच.

पण हिच्यात एक गमतीशीर भेग आहे, आणि ती पर्लच्या स्वतःच्या माहितीपत्रकातच प्रामाणिकपणे नोंदवलेली आहे. वेचणाऱ्या साधनांनी परिच्छेदाच्या आरंभीची चिन्हेच पाहावीत असे ठरलेले आहे, म्हणजे चिन्हाच्या वर एक रिकामी ओळ हवी. आज्ञा चालवणारे यंत्र मात्र परिच्छेदाच्या मध्येही हे चिन्ह ओळखते. याचा अर्थ असा की फाइलमध्ये असा मजकूर ठेवता येतो, जो यंत्र टिपण समजून सोडून देते आणि वेचणारा आज्ञा समजून सोडून देतो. तो कोणीच वाचत नाही. फाइल एक, वाचक दोन, आणि टिपण नेमके कुठे सुरू होते याबद्दलच त्यांचे एकमत नाही! व्यवहारात याने फारसे बिघडत नाही. पण ‘एकाच फाइलमध्ये ठेवले म्हणजे मेळ आपोआप राहतो’ या समजुतीला इथे पहिला धक्का बसतो.

दुसरा धक्का जावाने दिला. जावा भाषा १९९५ साली जाहीर झाली आणि तिच्याबरोबर ‘जावाडॉक’ हे साधन आले. यात टिपणाला ठरावीक रकाने असतात: हे काम कोणती माहिती घेते, काय परत देते, कोणत्या परिस्थितीत तक्रार करते. जावाच्या हजारो तयार भागांची अधिकृत माहिती अशाच टिपणांतून वेचून तयार होते. हे मोठेच यश आहे. किती मोठे, याचे एक उदाहरण. शब्दावरून एक संख्या काढण्याची सोय जावात आहे, साठवण आणि शोध जलद व्हावा म्हणून. ती कशी काढायची याचे सूत्र टिपणात दिले आहे: आतापर्यंतच्या बेरजेला ३१ ने गुणा, पुढच्या अक्षराचा क्रमांक मिळवा, असे शेवटपर्यंत. सूत्र एकदा टिपणात छापले गेले आणि लोकांनी त्यावर विसंबून आपल्या आज्ञावल्या लिहिल्या. आता उद्या अधिक चांगले सूत्र सापडले तरी ते घालता येत नाही. टिपण आज्ञेचे वर्णन करत होते, आता आज्ञेला टिपणाप्रमाणे वागावे लागते. टिपणाचा कायदा झाला.

पण रकान्यांची एक खोड असते. रकाना दिसला की तो भरला जातो. शाळेतल्या माहितीच्या तक्त्यांचा ज्यांना अनुभव आहे त्यांना हे सांगायला नको. ‘गुण द्या’ नावाच्या कामावर टिपण असते ‘गुण देते’. माहिती घेते: ‘विद्यार्थी’, म्हणजे काय, तर ‘विद्यार्थी’. परत देते: ‘गुण’. कोणत्या विषयाचे, ५० पैकी की १०० पैकी, गैरहजर असेल तर शून्य की रिकामे, यातले काहीही नाही. वेचणारे साधन मात्र याचेही तितकेच देखणे पान काढते. सूची आहे, दुवे आहेत, ठळक अक्षरे आहेत, आणि सांगितलेले काही नाही. आमचा या साऱ्या प्रकारावरचा मुख्य आक्षेप इथे आहे. वेचण्याने टिपणाला प्रतिष्ठा मिळते, ती त्याने कमावलेली नसते. फाइलमध्ये असताना टिपण संशयाने वाचले जाते, कारण खाली आज्ञा दिसत असते. बाहेर काढून पानावर लावले, की वाचकाच्या नजरेतून आज्ञा जाते आणि उरते ते छापील वाक्य. शेजारी ठेवण्याचा जो फायदा होता, तो वेचण्याच्या क्षणीच निम्मा नाहीसा होतो. आमच्या सूचनाफलकावर हेच झाले होते.

आता त्या ३४.५ कडे वळू. सरांनी आज्ञावली लिहिली तेव्हा पायथनची दुसरी आवृत्ती चालत होती. तीत ‘राउंड’ ही तयार आज्ञा अर्ध्याला नेहमी वरच्या आकड्याकडे नेई (ऋण संख्या सोडून बोलतो आहोत). ३४.५ चे ३५. टिपण आणि आज्ञा यांचा मेळ होता. पायथनची तिसरी आवृत्ती २००८ साली आली, आणि दुसरीची देखभाल २०२० साली थांबली. शाळेत नवा संगणक आला तेव्हा त्यावर तिसरी आवृत्ती होती. कोणीतरी छापण्याच्या आज्ञांना कंस लावले, कारण त्याशिवाय त्या नव्या आवृत्तीत चालत नाहीत. बाकी सगळे तसेच ठेवले. ‘राउंड’चा अर्थ मात्र बदलला होता. नव्या आवृत्तीत अर्धा आला की जवळची सम संख्या धरतात. ३४.५ चे ३४, ३५.५ चे ३६.

हा नियम लहरी नाही. अर्धा नेहमी वर नेला तर हजारो आकड्यांच्या बेरजेत एकूण बेरीज थोडी फुगते. निम्मे वर, निम्मे खाली गेले तर ती चूक भागते. संगणकांतल्या अपूर्णांकांच्या गणितासाठी १९८५ साली जे मानक ठरले, त्यातही हाच नियम मूळ धरलेला आहे. भौतिकशास्त्राच्या मापनात तो योग्यच आहे. उत्तीर्ण-अनुत्तीर्णच्या रेषेवर बसलेल्या मुलीला त्याचे सांत्वन काय? आणि अर्ध्यांपैकी विषम आकड्यांवरचे सगळे बरोबर येत होते, ३५.५ चे ३६ होतच होते, म्हणून कित्येक चाचण्या कोणाच्या ध्यानातही आले नाही.

नीट पाहा. टिपण बदलले नाही. आज्ञा बदलली नाही. दोघे शेजारी शेजारीच बसलेले होते. तरी मेळ तुटला, कारण दोघांच्या पायाखालची जमीन सरकली. कनुथ यांचे उत्तम गद्य असते तरी ते इथे कामी आले नसते. रकाने तर नाहीच नाही.

कामी आली असती ती पायथनमधलीच, २००१ सालापासून त्याबरोबर मिळणारी एक साधी सोय. टिम पीटर्स यांनी लिहिलेल्या तिचे नाव ‘डॉकटेस्ट’. टिपणात नियम सांगून झाल्यावर त्याखाली नमुना लिहायचा: ३३ आणि ३६ दिले, उत्तर ३५. संगणकाशी आपण जसा संवाद करतो तसाच, त्याच चिन्हांनी. हे साधन टिपणे वेचते, त्यातले असे नमुने उचलते, ते खरोखर चालवून बघते आणि टिपणातल्या उत्तराशी आलेले उत्तर अक्षरशः ताडून पाहते. जुळले नाही की सांगते: अपेक्षित ३५, मिळाले ३४. इतर साधने टिपण वाचकापर्यंत पोचवतात. हे साधन टिपणाची उलटतपासणी घेते. या लेखात पाहिलेल्या सर्व कृतींत आम्ही हिला सर्वांत वरचे स्थान देऊ, कनुथ यांच्या ग्रंथाबद्दलचा आदर पूर्ण ठेवून. पुढे रस्ट या भाषेनेही टिपणातले नमुने चालवून पाहण्याची सोय उचलली, हे योग्यच झाले.

हिलाही मर्यादा आहेत. ताडणी अक्षरशः असल्याने ३५ ऐवजी ३५.० आले तरी ती ओरडते. दिलेल्या नमुन्यांपलीकडे ती काही पाहत नाही. आणि नमुने कोणते निवडावेत हे ती सांगू शकत नाही. ४० आणि ५० दिले, उत्तर ४५, असा नमुना सरांनी लिहिला असता तर तो दोन्ही आवृत्त्यांत बिनबोभाट उत्तीर्ण झाला असता. रेषेवरचे उदाहरण निवडायला माणूसच लागतो. प्रश्नपत्रिका काढणाऱ्याला जी नजर लागते, तीच इथे लागते.

अलीकडे आज्ञा दाखवून टिपणे यंत्राकडूनच लिहून घेण्याची सोयही झाली आहे. मोह वाटावा अशीच ती आहे. पण केवळ आज्ञेवरून लिहिलेले टिपण फार तर आज्ञा काय करते तेच सांगणार. आमच्या फाइलवरून त्याने कदाचित अचूक लिहिले असते की अर्धा आल्यास जवळची सम संख्या धरली जाते. मग कागद आणि यंत्र यांचा उत्तम मेळ बसला असता, मुलीला बोलायला जागा राहिली नसती आणि ती नापासच राहिली असती. सरांचे ते आज्ञेशी न जुळणारे टिपणच तिच्या बाजूचा एकमेव पुरावा होते.

आम्ही आज्ञावलीत तीन नमुने घातले: ३३ व ३६, ३५ व ३६, आणि ३६ व ३७. चालवून पाहिले. मधला जुळला, आजूबाजूचे दोन्ही जुळले नाहीत. मग प्रश्न आला की दुरुस्त काय करायचे, आज्ञा की टिपण? फाइल याचे उत्तर देऊ शकत नव्हती. निवृत्त सरांना दूरध्वनी केला. ते म्हणाले, “नियम मी ठरवला नव्हता हो, मला सांगितला तसा लिहिला.” शेवटी कार्यालयातल्या लोखंडी कपाटात, शिक्षकसभेच्या इतिवृत्ताच्या जुन्या वहीत, तो सापडला. शाईने लिहिलेला, खाली मुख्याध्यापकांची सही. अर्ध्याचा एक धरावा. आज्ञा दुरुस्त केली, त्या वर्षीची निकालपत्रके पुन्हा काढली, आणि टिपणात नमुन्यांच्या खाली एक ओळ वाढवली: या नियमाचा आधार म्हणजे शिक्षकसभेचे इतिवृत्त, वही तिसरी. फलकावरचा कागद मात्र आम्ही काढून टाकला आहे. नवा लावायचा तर त्यावर ते तीन नमुनेही छापा, असे आम्ही सुचवले आहे. त्यावर अजून निर्णय व्हायचा आहे.